वजन मुलाचं, अडचणी घराच्या : डॉक्टरांना काय सांगायचं?

पत्र :
"माझा मुलगा १० वर्षांचा आहे, पाचवीत. शाळेतल्या तपासणीत वजन ४८ किलो आणि उंची १३९ सेंटिमीटर निघाली. मान काळी पडली आहे. एका दवाखान्यात नेलं तर आहाराचा छापील कागद दिला. ओट्स, ब्राउन राइस, पनीर, सफरचंद, बदाम आणि रोज सायकल किंवा पोहणं. पंधरा दिवस चालवलं, मग पैसे संपले. मी गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला आहे. साडेनऊला निघते, पावणेआठला घरी येते. यांची चौकीदारीची रात्रपाळी आहे. नंदनवनकडे भाड्याच्या दोन खोल्या, सासूबाई सोबत असतात, पण गुडघ्यांमुळे त्यांच्याने पोरांमागे धावणं होत नाही. शाळा सकाळची. पोरगं साडेबाराला घरी येते आणि मी येईपर्यंत खाऊन आणि मोबाइल पाहून राहते. सासूबाई म्हणतात बाळसं आहे, उंची वाढली की झडेल. धाकटी सहा वर्षांची, ती काडीसारखी. याला एक आणि तिला एक असं दोन तऱ्हेचं कसं रांधू? पुढच्या खेपेला दवाखान्यात रागावतील म्हणून जाणंच टाळून राहिली आहे."
— एक आई, नागपूर

उत्तर :

ताई, दवाखान्यात जा. आणि या वेळी जाताना हातात एक चिठ्ठी घेऊन जा. ती कशी लिहायची ते पुढे सांगतो. आहाराच्या त्या कागदात आहारशास्त्राची चूक एकही नाही, पण तो देताना तुम्हाला तीन प्रश्न विचारायला हवे होते : महिन्याला किराण्यावर किती जातात, दुपारी मुलाजवळ कोण असतं, आणि खेळायला जागा आहे का. ते न विचारता लिहिलेला आहार पंधरा दिवसच चालतो. तुमचाही तेवढाच चालला.

आधी आकडे पाहू. उंचीच्या मानाने वजन मोजायचा जो बीएमआय, तो तुमच्या मुलाचा २४.८ येतो. मोठ्या माणसाला हा आकडा थोडा जास्त म्हणतील. मुलांचं गणित मात्र वयाप्रमाणे बदलतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलग्यासाठी लठ्ठपणाची रेघ २१.४ च्या आसपास आहे, म्हणजे मुलगा त्या रेघेच्या बराच वर आहे. मान काळी आणि जाडसर होणं ही शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याची खूण असू शकते. तो मळ नाही. लिंबू, दगड, घासणी काही लावू नका, त्याने कातडी सोलवटते एवढंच. वजन आटोक्यात आलं की काळेपणा हळूहळू फिका होतो.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. उंची वाढणार आहे आणि तीच आपल्या कामाला येणार आहे. या वयात मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतात. उद्या उंची १४५ झाली आणि वजन ४८ वरच राहिलं, तर बीएमआय २२.८ होतो, एक किलोही न घटवता. त्यामुळे तूर्त "वजन उतरव" हा धोशा नको, वजन वाढू द्यायचं नाही एवढंच काम आहे. पण आपोआप झडेल ही आशा सोडा. दहाव्या वर्षी इतकं वजन असलेली पुष्कळ मुलं मोठेपणीही जाडच राहतात.

उपचार किती लागतो याची कल्पना असलेली बरी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांत ३ ते १२ महिन्यांत मिळून निदान २६ तास मूल आणि घरच्यांसोबत समोरासमोर काम करावं असं म्हटलं आहे. घरात अन्न पुरतं का, राहायची जागा कशी आहे, हेही तपासणीचाच भाग धरलं आहे. आपल्याकडच्या बाह्यरुग्ण विभागात एवढा वेळ कुणालाच मिळत नाही. पण पाच मिनिटांत मिळालेल्या कागदाने फरक पडला नाही, तर दोष तुमच्या चिकाटीचा नाही, एवढं त्यावरून ध्यानात घ्या आणि रागावण्याची भीती सोडा.

आता चिठ्ठी. डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्म्या गोष्टी तोंडातून निघत नाहीत, आणि पैशाची गोष्ट तर नाहीच निघत. म्हणून घरीच लिहा आणि केसपेपरसोबत पुढे करा. साधारण अशी :

"घरात पाच माणसं. किराणा-भाजीला महिन्याला अमुक रुपये. २० तारखेनंतर भाजी आणि डाळ कमी पडते. मुलगा १२.३० ते ७.४५ आजीजवळ असतो, वडील दुपारी झोपलेले असतात. घरात खेळायला जागा नाही, बाहेर एकट्याला पाठवत नाही. रात्री ११ ला झोपतो, सकाळी ६ ला उठतो. शाळेत खिचडी मिळते. दवाखान्यात आले की माझी दिवसाची मजुरी जाते. यात बसेल असा आहार आणि व्यायाम सांगावा."

झोपेच्या वेळा, शाळेतली खिचडी अशा पत्रात नसलेल्या गोष्टी आम्ही अंदाजाने घातल्या आहेत, तुमच्या खऱ्या लिहा. "२० तारखेनंतर कमी पडतं" हे वाक्य मात्र गाळू नका. गेल्या वर्षभरात पैसे येण्याआधी घरातलं अन्न संपेल अशी काळजी वाटली का, आणि तसं खरंच झालं का, हे दोन प्रश्न लठ्ठ मुलाच्या आईला विचारावेत हे पुष्कळांना उलटं वाटतं. जाड मुलाच्या घरी अन्न कमी कसं पडेल? पडतं. तंगीच्या दिवसांत आधी भाजी, डाळ, अंडं, दूध सुटतं आणि ताटात उरतो भात, तेल, साखर आणि पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. पोट भरतं, कॅलरी भरपूर मिळतात, प्रथिनं आणि लोह मिळत नाही. अशी मुलं एकाच वेळी जाड आणि रक्ताने कमी असू शकतात. वर पगार झाल्यावर चार दिवस घरात जे येतं, त्यावर मूल तुटून पडतं, कारण ते पुन्हा संपणार हे त्यालाही कळलेलं असतं.

किराण्याचा एक हिशोब मांडून पाहा. दोन मुलं, प्रत्येकाला रोज पाच रुपयांचे दोन पुडे, म्हणजे दिवसाचे २० आणि महिन्याचे ६०० रुपये. हे पैसे सुटे सुटे जातात म्हणून दिसत नाहीत. ५० ग्रॅम बिस्किटांत सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. त्याच पाच रुपयांत साधारण ३० ग्रॅम फुटाणे येतात, भाव थोडा वर-खाली धरा. त्यात ११० च्या आसपास कॅलरी आणि सहाएक ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि चावायला वेळ लागतो. म्हणून एक तारखेला, पैसे हातात आहेत तोवर, महिन्याच्या डाळी आणि फुटाणे-शेंगदाणे एकदम भरून टाका. पाच माणसांना निदान चार किलो डाळी-कडधान्यं (मसूर, मूग, चणा, मठ, त्या वेळी जे स्वस्त असेल ते) आणि दीड-दोन किलो फुटाणे-शेंगदाणे. पुडे मात्र भरून ठेवू नका. घरात डबाभर बिस्किटं ठेवून "खाऊ नको" म्हणणं म्हणजे पोराशी रोजचं भांडण. कुलूप लावणं तर त्याहून वाईट. लपवलेलं खाणं मुलं शोधतात आणि उभ्या उभ्या, घाईघाईत संपवतात.

भाजीचे पैसे मात्र चार पाकिटांत वेगळे ठेवा, आठवड्याला एक. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात संध्याकाळी उशिरा भाव उतरतात, तेव्हा पुढच्या तीन-चार दिवसांचं कोहळं, दोडके, बरबटी, पालक, चवळाई घेता येते. पालेभाजी दोन दिवसांत संपवा, कोहळं टिकतं.

तेल पाच माणसांना महिन्याला अडीच लिटर, त्यावर नाही. माणशी अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला साधारण १५ ग्रॅम, मोठा एक चमचा. पिशवी किंवा डबा आणला की अडीच लिटर वेगळ्या बाटलीत काढून त्यावर तारीख टाका. वीस तारखेला बाटली रिकामी झाली तर पुढचे दिवस फोडणी हलकी, इतका सोपा नियम. फोडणी धारेने घालायची सवय असेल तर चमच्याने घाला. या एका बदलाने दिवसाला शंभर-दीडशे कॅलरी कमी झालेल्या कुणाच्या जिभेला कळतही नाहीत. सावजीची तर्री याला अपवाद, ती तेलाशिवाय होतच नाही, तर ती महिन्यातून एकदा करा आणि मजेत खा.

ओट्स आणि ब्राउन राइस विसरा. ज्वारीची भाकर उत्तम, पण आज बाजारातली ज्वारी रेशनच्या फुकट गव्हापुढे महाग पडते हे आम्हालाही माहीत आहे. गव्हाचं पीठ न चाळता कोंड्यासकट वापरा, झालं. रेशनचा तांदूळही चालतो. वरण घट्ट असावं आणि त्यात कोहळं, पालक किंवा दोडका शिजलेला असावा, म्हणजे वेगळी भाजी नसली तरी पोटात भाजी गेली. रेशनबाबत एक तपासून घ्या : प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण धाकटीचं नाव कार्डावर चढलं आहे का? घरोघरी पाहावं तर सर्वांत लहान मुलाचं नाव राहून गेलेलं असतं, आणि वर्षाला ६० किलो धान्य सुटतं. जन्मदाखला आणि आधार घेऊन अन्नपुरवठा कार्यालयात नाव चढवून घ्या. केशरी कार्ड आहे म्हणजे प्राधान्य यादीत आहोतच असंही धरू नका. यादीत नाव आहे का ते दुकानदाराला विचारा. कार्ड गावाकडचं असलं तरी धान्य नागपुरात उचलता येतं.

आता दुपारचं. आमच्या मते तुमच्या घरातला खरा पेच इथे आहे, जेवणात नाही. मुलाच्या वडिलांची रात्रपाळी, म्हणजे ते दिवसा झोपतात. दोन खोल्यांत झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून मुलाला काय सांगितलं जात असेल? आवाज करू नको, बाहेर जाऊ नको. दहा वर्षांच्या पोराला हालचाल न करता, आवाज न करता सात तास काढायचे तर मोबाइल आणि खाणं याशिवाय उरतं काय? त्याने आळशीपणा केला असं म्हणता येत नाही. घराने त्याला जे सांगितलं तेच तो करतो आहे.

म्हणून दुपारचे तुकडे पाडा. पावणेएकला जेवण, पण छोटं. त्याने शाळेत खिचडी खाल्लेली असते. पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनांचं जेवण ठरलेलं आहे, म्हणजे जवळपास एक पूर्ण जेवण. शाळेची खिचडी, वर भरलेला डबा आणि वर घरी आल्यावर "दमून आला असेल" म्हणून ताटभर वरण-भात, ही तीन दुपारची जेवणं झाली. आमच्यासमोर येणाऱ्या आहाराच्या हिशोबात ही चूक फार वेळा सापडते. खिचडी बंद करू नका, ती फुकट आणि गरम आहे. डबा बंद करा. घरी एक पोळी, वाटीभर भाजी किंवा उसळ आणि पेलाभर पातळ ताक. जेवताना मोबाइल नाही, कारण पडद्याकडे पाहत जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही.

एक ते तीन या वेळेत आतल्या खोलीत वडील झोपलेले, बाहेरच्या खोलीत मुलाने गृहपाठ करायचा. त्यानंतर मोबाइल एक तास, सासूबाईंच्या ताब्यातून, आणि तास झाला की परत त्यांच्याकडे. साडेचारला खाऊ, तोही त्यांच्याच हातून. एक छोटी वाटी, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास फुटाणे-शेंगदाणे आणि एक फळ. केळं, पेरू, हंगामात संत्र. उन्हाळ्यात सातूचं पीठ ताकात कालवून मीठ-जिरं घालून द्या, गूळ घालून नको. सासूबाईंशी बाळशावरून वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांच्या प्रेमाला खायला घालण्याशिवाय दुसरी वाट मिळालेली नाही, तर वाटी त्यांच्याच हाती द्या. दोघा नातवंडांना वाटी एकाच मापाची. एवढं मात्र ठरवून घ्या की त्या वाटीशिवाय मधे काही नाही, आणि साखर-तूप-पोळी हा आजीचा लाड रविवारी एकदा.

सुरुवातीचे आठ-दहा दिवस तो कुरकुर करेल, भूक लागली म्हणेल. काकडी, गाजर, टमाटर कापून ठेवा, ते कधीही, कितीही खाऊ द्या. आणि पाणी. थंड पेय घरात आणू नका. पाव लिटरच्या बाटलीत पाच चमचे साखर असते आणि ती पोट भरत नाही. चहा बंद करणं जमत नसेल तर एक चमचा साखरेचा, दिवसातून एकदा.

खेळाचं. या वयाला दिवसातून एकूण ६० मिनिटं दम लागेल असं हुंदडणं लागतं, सलगच हवं असं नाही. १५-१५ मिनिटांचे चार तुकडेही चालतात. पत्रात तुम्ही स्वतःचा, सासूबाईंचा, मुलांचा सगळ्यांचा वेळ मांडला, एक मुलाच्या वडिलांचा तेवढा मांडला नाही. सकाळी घरी येऊन झोपलेला माणूस साडेतीन-चारला उठतो आणि कामावर जायला रात्र पडते. मधले तीन तास घरात जागं असलेलं एकमेव धडधाकट मोठं माणूस तेच आहे. आठवड्यातून तीन दिवस साडेपाच ते पावणेसात त्यांनी मुलांना मैदानात न्यावं. स्वतः धावायची गरज नाही, बाकावर बसून चहा घेतला तरी चालेल. उरलेल्या दिवसांसाठी आजूबाजूच्या दोन घरांशी बोला. चार-पाच मुलं आणि आळीपाळीने एक मोठं माणूस. प्रत्येक आईची हीच अडचण असते, विचारायला कुणीतरी पहिलं लागतं. मनपाचं उद्यान, शाळेचं पटांगण, वस्तीतलं कबड्डीचं मंडळ, जे दहा मिनिटांच्या चालीवर असेल ते. दूरचा चांगला क्लब आठवड्याभरात सुटतो.

नागपूरचं ऊन विचारात घ्या. एप्रिल ते जून खेळ सकाळी साडेसहाच्या आत-बाहेर किंवा सूर्य मावळल्यावर. जाड मुलाला उष्णता लवकर बाधते, ४४-४५ अंशांत दुपारी पळवू नका. हिवाळ्यात उलट, डिसेंबरात साडेपाच-पावणेसहालाच अंधारतं, तर खेळ साडेचारला घ्या आणि खाऊ परतल्यावर. पावसाळ्यात घरातच दोरीवरच्या उड्या, पण तुमच्या खालच्या मजल्यावर कुणी राहत असेल तर त्याऐवजी जिना चढणं-उतरणं, पाणी भरणं. सुरुवात पाच मिनिटांनी करा. पहिल्याच दिवशी तासभर पळवलं तर गुडघे दुखतात, आणि मूल दुसऱ्या दिवशी निमित्त शोधतं.

एक गोष्ट मुलं सांगत नाहीत. मांड्या घासून आतली कातडी सोलली जाते, म्हणून ती धावत नाहीत. चड्डीच्या आत मांडीभर लांबीची सुती हाफपँट घाला, खेळायच्या आधी खोबरेल तेलाचा हात फिरवा. गणवेश कमरेत आवळत असेल तर नवा घ्यायची वाट न पाहता शिवण उसवून पट्टी जोडून घ्या. घट्ट कपड्यात खाली वाकायची लाज वाटते आणि पोरगं पीटीच्या तासाला "पोटात दुखतं" म्हणून वर्गात बसतं.

शाळेत चिडवतात का, हे त्याला सरळ विचारू नका. "मधल्या सुट्टीत कोणासोबत खातो?" असं विचारा. उत्तर "कुणासोबत नाही" आलं तर वर्गशिक्षकांना भेटा. मागणी ठोस असू द्या. वजन सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचू नये, पीटीच्या तासाला त्याला बाजूला बसवू नये, टोपणनावाने हाक मारू नये. चिडवणी सोसणारं मूल खाऊन मन रमवतं आणि मैदान टाळतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी वजन वाढतं. घरातल्या लग्नकार्यात मामा-काका जे विनोद करतात तेही यातच आले. शाळेच्या दारावरच्या आलूभोंड्याच्या आणि पुड्यांच्या गाड्यांबद्दल एकट्याने भांडू नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला मनाई आहे. हा मुद्दा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत लेखी द्या. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. गाडीवाल्याला हाकलण्यापेक्षा त्याने उकडलेले चणे, पेरू, मक्याचं कणीस ठेवावं असं सुचवलं तर जास्त पटतं.

झोप. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास लागतात. सकाळच्या शाळेसाठी सहाला उठायचं तर नऊला डोळे मिटले पाहिजेत. (चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय राज्याने २०२४ मध्ये केला. तुमचा मुलगा पाचवीत, त्यामुळे त्याला तो लागू नाही.) तुम्ही पावणेआठला येता, मग स्वयंपाक, जेवायला नऊ-सव्वानऊ वाजतात. सकाळीच वरण-भाजी करून ठेवता आली तर संध्याकाळी फक्त पोळ्या उरतील आणि सव्वाआठला जेवण होईल. दोन पोळ्या, अर्धी-एक वाटी भात, दीड वाटी घट्ट वरण, भाजी. पहिल्यांदा वरण-भाजीची वाटी, मग पोळी. आणखी मागितलं तर पंधरा मिनिटं थांबून. टीव्ही बाहेरच्या खोलीत, आवाज कमी, आणि मोबाइल चार्जिंगला स्वयंपाकाच्या ओट्यावर. नऊ जमलं नाही तर साडेनऊ धरा, अकरापेक्षा तेही पुष्कळ आहे.

दवाखान्याच्या फेऱ्या कमी कशा होतील ते पाहा. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या मोठ्या शासकीय रुग्णालयांत गेलात तर नोंदणी खिडकीवर समाजसेवा अधीक्षकांचं टेबल कुठे ते विचारा. शासकीय रुग्णालयांत हे पद असतं आणि शुल्कातली सवलत, योजनांचे कागद, शाळेला द्यायची चिठ्ठी ही त्यांची कामं आहेत. पण तुम्ही गेल्याशिवाय ते तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजना प्रामुख्याने दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे, बाह्यरुग्ण तपासण्यांचा खर्च त्यातून निघेल असं गृहीत धरू नका. दहा वर्षांच्या लठ्ठ मुलाला साखर, चरबी आणि यकृताच्या एसजीपीटीची रक्ततपासणी आणि रक्तदाब एवढं साधारण करतात. आदल्या रात्री जेवून सकाळी उपाशीपोटी न्या, म्हणजे सगळं एकाच फेरीत होतं. तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी सांगितली, आणि मुलाला किंवा घरात कुणाला सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असेल, तर ते आधी सांगा. विदर्भात तो पुष्कळ घरांत आहे आणि त्यात या तपासणीचा आकडा फसवा येऊ शकतो. पुढच्या भेटी महिन्याला एक ठेवता येतील का आणि मधलं वजन जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात घेतलं तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. ई-संजीवनी या सरकारी सेवेवर डॉक्टरांचा सल्ला फोनवरून मोफत मिळतो, तेवढी एक मजुरी वाचते.

वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, आणि घरात चर्चा न करता. सहा महिन्यांत वजन ४८ ते ४९ च्या मधे राहिलं आणि उंची अडीच-तीन सेंटिमीटर वाढली, तर उपचार लागू पडतो आहे. कुठल्याही पावडरी, शेक, "चरबी जाळणारे" काढे देऊ नका.

रात्री घोरताना श्वास अडकणं, सारखी तहान आणि सारखी लघवी, मांडीत किंवा गुडघ्यात दुखून लंगडणं, उलट्यांसोबत डोकेदुखी, यांपैकी काही दिसलं तर महिन्याच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. लंगडण्याला "वजनाने दुखत असेल" म्हणून सोडू नका. जाड मुलांत कधीकधी मांडीच्या हाडाचं डोकं सांध्यापाशी सरकतं आणि तिथे उशीर महागात पडतो. त्याची उंची वयाप्रमाणे आहे, त्यामुळे थायरॉइडसारखं कारण असण्याची शक्यता कमी. पण उंचीच वाढेनाशी झाली तर ते डॉक्टरांना नक्की सांगा.

धाकटीसाठी वेगळं रांधू नका. घट्ट वरण, अंडं, फुटाणे, भाजी हे बारीक मुलीलाही तितकंच हवं. फरक करायचा तर तिच्या पोळीला चमचाभर तूप लावा आणि ते स्वयंपाकघरातच लावून आणा, ताटावर नको. तिच्या हातात पुडा आणि त्याच्या हातात काकडी असं एकदा जरी झालं, तरी तो आजीच्या उशाखालून काहीतरी शोधून काढेल. तिचंही वजन-उंची त्याच दिवशी, त्याच काट्यावर घ्या. तुम्हाला ती काडीसारखी वाटते, तक्त्यात ती कुठे बसते ते आधी कळू द्या.